निदान नाही, सांभाळ शोधा

जुन्या कागदांत ‘स्वमग्न’ माणसं शोधायला निघाला असाल, तर जरा थांबा. लिओ कॅनरचा ऑटिझमवरचा प्रसिद्ध लेख 1943चा. त्याआधीच्या नोंदींत ही माणसं ‘वेडा’, ‘मंदबुद्धी’ अशा शिक्क्यांखाली असणार, किंवा नसणारच.

बेल्जियममधलं गील घ्या. संत डिम्फना ही मनोरुग्णांची कैवारी. तिच्या चर्चला मध्ययुगापासून लोक आपल्या माणसाला घेऊन यायचे. चर्चजवळची खोली पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना घरी ठेवून घेतलं. 1850 मध्ये सरकारने देखरेख हाती घेतली. 1930च्या दशकाच्या अखेरीस असे सुमारे 3,700 जण गीलमध्ये राहत होते.

‘श्रद्धेने स्वमग्नांना सांभाळलं’ असं लिहायचा मोह होईल. लिहू नका. यजमानांना पैसे मिळत, शेतावर कामाला माणूसही मिळे. आणि त्यांतलं स्वमग्न कोण, हे आज ठरवता येत नाही.

मग शोधायचं काय? कोण कुणाच्या घरी, किती वर्षं राहिलं. खर्च कुणी दिला. यजमान वारल्यावर काय झालं. काही घरांत पुढच्या पिढीनेही त्या माणसाला ठेवून घेतलं. आज स्वमग्न मुलांचे आईवडील हेच विचारतात: आमच्यामागे याचं कोण?