विद्येचें गांव आणि खोलीचें भाडें

विद्येच्या इतिहासांत ग्रंथांना आणि गुरूंना मानाचें पान मिळतें. परंतु विद्यार्थी रात्रीं कोठें निजे आणि त्या जागेबद्दल काय देई, ह्याची विचारपूस इतिहासकार क्वचितच करतात. वस्तुतः कोणी शिकावें व कोणी गांवीं परतावें, ह्याचा निकाल कित्येकदां कॉलेजच्या दारांत नव्हे, तर खोलीच्या उंबरठ्यावरच लागतो, असें आम्हांस वाटतें.

हा प्रश्न आजचा नव्हे. ऑक्सफर्ड येथें १२०९ सालीं एका स्त्रीच्या खुनावरून नगरवासीयांनीं कांहीं विद्यार्थ्यांना फांशीं दिलें. तेव्हां गुरुशिष्य गांव सोडून गेले. १२१४ सालीं पोपच्या प्रतिनिधीनें तडजोड घडवून आणली. तींत नगरवासीयांना दिलेली एक शिक्षा अशी होती कीं, विद्यार्थ्यांच्या घरांचें पूर्वीं ठरलेलें भाडें त्यांनीं दहा वर्षें निम्मेंच घ्यावें. १२३१ सालीं तिसऱ्या हेन्री राजानें केंब्रिजच्या नगराधिकाऱ्यांना आज्ञा केली कीं, दोन अध्यापक व दोन प्रतिष्ठित नगरवासी ह्यांनीं मिळून भाडें ठरवावें. त्याच वर्षीं नवव्या ग्रेगरी पोपनें पॅरिसच्या विद्यापीठास भाडें ठरविण्याचा हक्क दिला, आणि तो नाकारला गेल्यास व्याख्यानें बंद ठेवण्याची मुभाही दिली! ह्या व्यवस्थेचें मर्म असें कीं, दर घरावर बसविलेला होता, माणसावर नव्हे. एक विद्यार्थी गेला आणि दुसरा आला, तरी दर तोच राही.

आतां आमच्या पुण्याकडे वळूं. १८८५ सालीं स्थापन झालेलें फर्ग्युसन कॉलेज पुढें शहरांतून मुठेपलीकडे गेलें. त्याच बाजूस १९२४ सालीं लॉ कॉलेज व १९४३ सालीं बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय निघालें, आणि डेक्कन जिमखान्याच्या परिसरांत बंगल्यांची वस्ती वाढली. वसतिगृहांत ज्याला जागा मिळे तो सुदैवी. गरीब विद्यार्थी पेठेंतील वाड्यांत खोली घेई, वार लावून जेवी आणि लकडी पुलावरून पायीं कॉलेजास जाई. १९०९ सालीं निघालेलें अनाथ विद्यार्थी गृह आणि १९५५ सालची विद्यार्थी साहाय्यक समिती ह्या संस्था अशाच गरजेंतून उभ्या राहिल्या.

सरकारनेंही हात घातला. मुंबई इलाख्यांत भाडेनियंत्रणाचे कायदे १९१८ पासून दिसतात. परंतु खरा परिणाम झाला तो १९४७ च्या कायद्याचा. १ सप्टेंबर १९४० रोजीं घर ज्या भाड्यानें दिलेलें असेल, तेंच त्याचें प्रमाणभूत भाडें ठरलें. हेतु निःसंशय चांगला होता. तथापि महागाई वाढत गेली आणि भाडें मात्र जागचें हललें नाहीं. मालकानें वाड्याची डागडुजी सोडली, पागडीची चाल पडली, आणि जो आंत होता तो पिढ्यान्‌पिढ्या आंत राहिला. जो बाहेर होता त्याचें काय? विद्यार्थी तर दर जूनमध्यें नवाच येणार! भाडेकरू पुन्हा निघणार नाहीं ह्या भीतीनें मालक खोली रिकामी ठेवूं लागला, किंवा भाडेकरू न म्हणतां परवानाधारक म्हणून माणूस ठेवूं लागला. १ फेब्रुवारी १९७३ रोजीं राहत असलेल्या अशा परवानाधारकांनाही कायद्यानें भाडेकरूचें संरक्षण दिलें, तेव्हां ती भीति अधिकच दृढ झाली.

१९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गोठविलेलें भाडें अन्यायाचें ठरविलें. पुढें १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. त्यानें जुन्या भाड्यांत दरसाल शेंकडा ४ वाढ दिली, आणि मुदत संपतांच परवानाधारकाकडून जागा परत मिळण्याची सोय केली. दारें उघडलीं खरीं. पण दर आतां बाजाराच्या हातीं गेला. अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम आणि दलाली हें आजच्या विद्यार्थ्याचें पहिलें प्रवेशशुल्क होय. एका खोलींत चार खाटा टाकून खाटेगणिक भाडें घेण्याची ‘कॉट बेसिस’ ही पुणेरी रीत सर्वांच्या परिचयाची आहे.

मालकांना दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. एखाद्या निवृत्त गृहस्थाच्या घरीं खोलीचें भाडें हेंच पेन्शन असतें. दोष आहे तो दृष्टीचा. गोठविलेल्या भाड्यानें आंत असलेल्याला सांभाळलें, मोकळ्या भाड्यानें पैसेवाल्याला. दरसाल गांवाकडून येणाऱ्या मुलाचा विचार दोहोंतही नाहीं. तेराव्या शतकांतील त्या चार माणसांनीं तो केला होता, कारण विद्यार्थी गेले तर गांवही बसतें, हें ऑक्सफर्डनें डोळ्यांनीं पाहिलें होतें. आमचीं कॉलेजें वर्गांतील बांकें मोजून प्रवेश देतात. त्याबरोबर खाटाही मोजाव्यात, आणि जितक्या कमी पडतील तितक्यांसाठीं घरमालकांशीं एकत्र बसून दर ठरवावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.