ट्यूबची होडी

ट्रकच्या टायरमधील हवा भरलेल्या ट्यूबवर एका माणसाने बसून मासे धरण्याचे साधन. महाराष्ट्रातील धरणांच्या जलाशयांत थर्माकोलच्या तराफ्यांप्रमाणेच रूढ. ट्यूबच्या भोकावर दोरीचे जाळे विणतात किंवा फळी बांधतात. त्यावर बसून, पाय पाण्यात सोडून, हातांनी वल्हवत कोळी संध्याकाळी जाळे लावतो आणि पहाटे काढतो. सापडतात बहुधा बीज सोडून वाढवलेले रोहू, कटला, मृगळ.

जलाशयाबाहेर मात्र ती फारशी चालत नाही: उदाहरणार्थ, पेठ तालुक्यात (जि. नाशिक) पाऊस धो-धो पडतो, पण उन्हाळ्यात ओढे आटतात, त्यामुळे ट्यूबला वाव फक्त साठलेल्या पाण्यात.

गंमत म्हणजे परदेशी शौकिनांची ‘फ्लोट ट्यूब’ही ट्रकच्या ट्यूबपासूनच निघाली. पाँटून होडी हा तिचा सुधारलेला प्रकार: हवेची दोन लांब नळकांडी, मध्ये धातूची चौकट, वर खुर्ची. पायांत पोहण्याचे पंख घालून ती हलवतात, म्हणजे कृत्रिम माशीचा गळ फेकायला दोन्ही हात मोकळे राहतात.

अशा गळाला इथला तोलामोलाचा मासा म्हणजे खडस (महसीर). ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने त्याचे शास्त्रीय वर्णन 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले.

इथल्या ट्रकच्या ट्यूबचा दोष उघड आहे: हवेचा कप्पा एकच. बाभळीचा बुडलेला काटा लागला, की जीवरक्षक जाकिटाशिवाय निभाव कठीण.