चुन्याची साक्ष

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना इच्छापोर लागते. तापीच्या गाळाने घडलेल्या ह्या सपाट मुलखात खडी हवी तर ती दुरून आणावी लागते. पुढे हजिऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत 2022 साली पोलादाच्या भट्टीतील धातुमळीची खडी करून सुमारे 1 किलोमीटर लांबीचा सहापदरी रस्ता झाला. दिल्लीच्या केंद्रीय मार्ग संशोधन संस्थेच्या साहाय्याने झालेल्या ह्या कामात सुमारे 1 लाख टन मळी खपली. तेवढा डोंगर फोडावयाचा वाचला, हे खरेच.

भूदृश्यरचनेच्या विद्यार्थ्यास साहित्य शिकवावयाचे ते ह्या रस्त्यावरून, असे आम्हांस वाटते; मात्र केवळ कौतुक म्हणून नव्हे. पोलादाच्या मळीत न विरलेला चुना राहून गेलेला असतो. त्यास पाणी लागले की तो फुगतो आणि वरचा थर उचलतो. म्हणून ती आधी उघड्यावर भिजवून मुरवावी लागते. हे आमच्या जुन्या गवंड्यास कोणी सांगावयास नको होते. कळीचा चुना विरवावा, मुरू द्यावा आणि मग घाणीत रेतीबरोबर दळावा, हा त्याचा नित्याचा धर्म होता. पाठ्यपुस्तकात मात्र साहित्य येते ते भारक्षमतेच्या आकड्यांनिशी. त्यास मुरावयास किती काळ लागतो, हे कोष्टकात सापडत नाही.

सुरतेतच कतारगाम दरवाजापाशी हेंड्रिक व्हान ऱ्हीडची विटा-चुन्याची भव्य कबर आहे. कोचीचा हा डच अधिकारी 1691 साली मुंबईनजीक समुद्रावर वारला. मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' हा त्याचा 12 खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 ह्या काळात प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट ह्या तीन कोकणी वैद्यांचे 1675 सालचे प्रमाणपत्र आहे. भाषा कोकणी, लिपी नागरी. ज्याने वनस्पती हाताळली त्याची साक्ष ग्रंथाच्या आरंभीच घेतलेली! आम्हां वकिलांस त्या सह्यांचे मोल अधिक वाटावे, ह्यात नवल नाही.

1972 चा वास्तुविशारद कायदा 'आर्किटेक्ट' ह्या अभिधानाचे रक्षण करतो. भूदृश्यरचनाकारासाठी तशी वेगळी वैधानिक परिषद नाही. तेव्हा साहित्य कसे शिकवावे हे बहुतांशी अध्यापकाच्या विवेकावरच सोडलेले आहे. आमची सूचना साधी आहे. वर्षारंभी खड्ड्यात चुना विरवावा, शेजारी मळीचा ढीग भिजवून ठेवावा, आणि सहा महिने दोहोंची मापे विद्यार्थ्याने वहीत उतरवून त्याखाली स्वतःची सही करावी.