तारामतीचं रडणं आणि आमच्या घरातली शांतता

आजचा भाग सिनेमाच्या इतिहासावर आहे, पण सुरुवात होते नारायणगडाजवळच्या आमच्या गावातून, दारात टाकलेल्या मांडवातून.

बीड जिल्ह्यातला नारायणगड म्हणजे नगद नारायण महाराजांचं संस्थान. आमच्याकडे त्याला धाकटी पंढरी म्हणतात. या भागात माणूस गेला की दिवसांत प्रवचन नाहीतर कीर्तन ठेवतात. तीन वर्षांपूर्वी माझे वडील, आबा, गेले. मी पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आलो. राक्षसभुवनला गोदावरीवर दहावा केला. एवढ्या दिवसांत आई एकदाही रडली नाही. भावकीतल्या बाया म्हणायच्या, "हिला रडवा गं, आत धरून बसलीय."

तेराव्याला महाराजांनी हरिश्चंद्राची कथा लावली. मेलेल्या रोहिदासाला घेऊन तारामती मसणवट्यात येते. तिथला राखणदार तिचाच नवरा. तो म्हणतो, आधी कर भर, मग अग्नी. तिच्याकडं द्यायला काहीच नाही. इथं आई रडायला लागली, ती थांबेचना. पण आबांचं नाव नाही घेतलं. "त्या लेकराला कसं गं उचललं असंल तिनं," एवढंच म्हणत होती.

मी कोड लिहिणारा माणूस. एखादी गोष्ट का चालली हे कळलं नाही, तर ती बंद पडल्यापेक्षा जास्त त्रास होतो. स्वतःच्या दुःखाला न आलेलं रडू तारामतीसाठी का आलं? हे शोधत शोधत मी सिनेमापर्यंत पोचलो.

आता बघा. ३ मे १९१३, गिरगावातलं कोरोनेशन थिएटर. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. भारतातला पहिला कथापट म्हणून आपण तो शाळेत पाठ करतो. पण तो एका घराच्या वाताहतीचा सिनेमा आहे, हे कुणी सांगत नाही. बायका कामाला तयार नव्हत्या, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके, एका हॉटेलात स्वयंपाक करणारे. रोहिदास झाला फाळक्यांचा स्वतःचा मुलगा, भालचंद्र.

फाळक्यांच्या चरित्रात वांगणीच्या शूटिंगचा एक प्रसंग सांगतात. खेळता खेळता भालचंद्र दगडावर पडला, डोक्याला लागलं, बेशुद्ध झाला. फाळक्यांनी उपचार केले, पण पोरगं शुद्धीवर येईना. काहीजण म्हणाले, मुंबईला परत जाऊ. फाळक्यांनी मात्र रोहिदास चितेवर असतानाचा प्रसंग त्याच अवस्थेतल्या मुलाला घेऊन चित्रित केला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. मग आठवलं, आबा गेल्याच्या पाचव्या दिवशी मी लॅपटॉप उघडून ऑफिसच्या कॉलवर बसलो होतो. कुणीही सक्ती केली नव्हती. हातात काम असलं की बाकीचं दिसत नाही, एवढंच.

या सिनेमाच्या चार रिळांपैकी आज पहिलं आणि शेवटचं उरलंय. तेही १९१३ चं की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीचं, यावर अभ्यासकांचा वाद आहे.

पुढं बोलपट आला. ६ फेब्रुवारी १९३२ ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' लागला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गा खोटे. गोष्ट परत तीच! मराठी सिनेमाला आवाज फुटला तोही याच कथेतून. एकोणीस वर्षांपूर्वी पुरुषानं मुक्यानं केलेल्या तारामतीला आता बाईचा आवाज मिळाला. चांगल्या घरातल्या बाईनं सिनेमात जाणं तेव्हा वाईट समजायचे, तरी दुर्गाबाई उभ्या राहिल्या.

मग १९५३ चा आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई'. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळालं. तोही आई गमावलेल्या मुलाचाच सिनेमा.

मला वाटतं, मांडवातल्या कीर्तनानं जे केलं, तेच या सिनेमांनी अंधाऱ्या थिएटरात केलं. स्वतःच्या नावानं रडायला माणूस लाजतो, घाबरतो. आपण मोडलो तर घर कोण सांभाळणार, असं वाटतं. तारामतीच्या नावानं मात्र चारचौघांत रडता येतं. कुणी विचारत नाही, कशाला रडतीस म्हणून.

पण या कथेत एक अडचण आहे. शेवटी देव प्रसन्न होतो आणि रोहिदास उठून बसतो. आमच्या घरात तसं कोण उठणार होतं?

म्हणून अविनाश अरुण यांचा 'किल्ला' मला जवळचा वाटतो. २०१४ ला बर्लिनच्या महोत्सवात लहान मुलांच्या ज्युरीनं त्याला क्रिस्टल बेअर दिलं, पुढं सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. वडील गेलेला चिन्मय आईच्या बदलीमुळं पुण्याहून कोकणात येतो. आई झालीय अमृता सुभाष, चिन्मय अर्चित देवधर. इथं कुणी परत येत नाही. नवी शाळा, नवे मित्र, पाऊस, आणि दोघांमध्ये न बोललेलं बरंच काही.

मागच्या दिवाळीत मी तो फोनवर लावला, आईला शेजारी बसवलं. मध्येच ती म्हणाली, "ह्या बाईला कुणीच विचारीना, तुझं कसं चाललंय म्हणून."

मी म्हणालो, "मग तू सांगायचं ना मला."

"तुला फोन ठेवायची घाई असायची."

पुढचं दहा मिनिटं दोघांनी पडद्यावरच नजर ठेवली. सिनेमा संपल्यावर मी विचारलं, आबांचा स्वेटर कुठं ठेवलाय? तिनं पेटी उघडली, आणि रात्री दीडपर्यंत आम्ही आबांबद्दल बोलत बसलो. ती रडली, मीही रडलो. या वेळी तारामतीची गरज लागली नाही.

'किल्ला' बघा. शक्य असेल तर एकट्यानं बघू नका. भेटू पुढच्या भागात.