साताऱ्याची साक्षरता मोहीम आणि आजचा मोबाइल

ऑगस्ट २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने एक नियम केला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यासाला बसायचे. करोनात शाळा मोबाइलवर आली, पुढे ती वर्गात परतली, पण मोबाइल मुलांच्या हातातच राहिला. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशाताई घरोघर फिरून पाहणी करत. त्यानंतर महिनाभरातच, १३ सप्टेंबरला, त्याच जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावी उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून लोकांनी बेदम मारले. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, एवढेच. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा तेव्हा मोबाइलवरून ठिकठिकाणी पसरत होत्या. दीड तास पडदा बंद राहिला तर अभ्यास होतो, आणि ते चांगलेच आहे; पण उरलेल्या वेळात आलेला संदेश खरा की खोटा, हे त्यातून समजत नाही. तरीही वडगावने एक मोलाची गोष्ट केली. मोबाइलचा प्रश्न एकेका घरावर न सोडता ग्रामसभेत आणला. सातारा-सांगलीत शिक्षण रुजले ते याच वाटेने, आणि तरुणांची डिजिटल साक्षरताही याच वाटेने रुजेल, असे माझे म्हणणे आहे.

संस्थानी मुलूख सोडला तर आजच्या सांगलीचा मोठा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. या मुलखात भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. ब्रिटिश राजवटीविरुद्ध इथे उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या काळात गावोगावची न्यायदान मंडळे तंटे गावासमोर सोडवत. पण आपल्या विषयाला सर्वांत जवळची आहे ती १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम. शाळेचे शिक्षक आणि गावातली शिकलेली पोरे प्रौढांना चार महिन्यांत लिहा-वाचायला शिकवत. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. १९६१ पासून ती राज्यभर गेली. साक्षर होणे ही माणसामाणसाची खासगी बाब न राहता गावाच्या अब्रूची गोष्ट झाली, हे तिचे खरे बळ. तिचे अपयशही तितकेच बोलके आहे. वर्ग संपल्यावर वाचायला काही हाती नसल्याने अनेकांची अक्षरओळख पुसली गेली. आज सायबर सुरक्षेचे एक दिवसाचे शिबिर घेऊन, प्रमाणपत्रे वाटून मोकळे होणाऱ्यांनी हा अनुभव डोळ्यांसमोर ठेवायला हवा.

यावर पहिला आक्षेप असा की मुलांना मोबाइल थोरांपेक्षा जास्त कळतो, त्यांना काय शिकवायचे? पण मोबाइल चालवता येणे वेगळे आणि त्यावर आलेल्या मजकुराची पारख करता येणे वेगळे. दुसरा आक्षेप जड आहे. लवंग्यात मारणारा जमाव गावाचाच होता, मग पारख शिकवण्याचे काम गावावर कसे सोपवायचे? गावात भावकी असते, जात असते, थोरांपुढे बोलायची चोरी असते. हे सगळे खरे आहे. मात्र अफवा गावात पसरत असेल तर ‘हे कशावरून?’ असे गावातच विचारता आले पाहिजे. शाळेत शिकलेला मुलगा घरच्या ग्रुपवर चुलत्याला एकट्याने टोकू शकत नाही; तरुण मंडळातले दहा जण मिळून टोकू शकतात. शाळेने हे शिकवू नये असे नाही, पण शाळा सुटलेला, कामाला लागलेला विशीतला तरुण तिच्या आवाक्यात येत नाही.

साधनेही इथे आहेत. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचा सामुदायिक रेडिओ २००८ पासून चालू आहे. माण तालुक्यातल्या मंडळांनी त्या आठवड्यात फिरलेला एक संदेश घ्यावा, मूळ फोटो कुठला नि कधीचा ते शोधावे, पोलिस ठाण्यात किंवा तलाठ्याकडे विचारून खात्री करावी आणि जे निघेल ते माणदेशी बोलीत रेडिओवर सांगावे. दर आठवड्याला नवा संदेश मिळेल. ग्रामशिक्षण मोहिमेला वाचायच्या मजकुराची जी वाण पडली, ती इथे पडणार नाही.