पाणीपाळी ते पॅरिस : हवामान परिषदेचा मागोवा

पाणी वाटून घेणं म्हणजे काय, हे बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या मुलांना शिकवावं लागत नाही. टँकर आला की हंड्यांची रांग लागते, हे त्यांना ठाऊक असतं. मामाचं गाव नीरेच्या कालव्यावर असेल, तर रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जाणारा मामाही त्यांनी पाहिलेला असतो. चारीचं पाणी सऱ्यांत आलं की वाफा भिजेपर्यंत घ्यायचं, मग दारं मोडून पुढच्याला द्यायचं. वरच्यानं रात्रभर पाणी अडवलं, तर टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या, शेतात सकाळी नुसत्या भेगा. जगातले जवळपास दोनशे देश दरवर्षी एकत्र बसून ज्यावरून भांडतात, ते हेच आहे. फक्त तिथे वाटणी पाण्याची नसते, आकाशाची असते. कोणी किती धूर सोडायचा आणि आधीच सोडलेल्या धुराची भरपाई कोणी करायची, हा तिथला तंटा.

आपल्या मुलखात या तंट्याचं मूळ फार जुनं आहे. १८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा भीमथडी आणि इंदापूर तालुक्यांत आला. दुष्काळी गावांसाठी काढलेलं पाणी पुढे थोड्या गावांच्या उसात मुरू लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धत आणली. पाणी एकाच जागी न जिरवता अनेक गावांत गट पाडून द्यायचं आणि ऊस गटाच्या ठरावीक हिश्श्यातच घ्यायचा. ज्यांच्याकडे पाणी आधी पोचलं होतं, त्यांना हे सहजी रुचलं नाही. सुप्याचा वरचा भाग तर या कालव्याबाहेर जिरायतच राहिला. आधी पोचलेला, उशिरा पोचलेला आणि वाटणीत नसलेला, असे तिघेही एकाच मुलखात.

आता मुलांनी आजी-आजोबांना १९७२ साल विचारावं. त्या वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद भरली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले, तर तिथे भाषण करणाऱ्या देशाच्या पंतप्रधान एकट्या इंदिरा गांधी होत्या. गरिबी हटवल्याशिवाय पर्यावरण राखता येणार नाही, ही बाजू त्यांनी ठामपणे मांडली. इकडे महाराष्ट्रात पावसानं दगा दिला होता. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, पाझर तलावावर माती वाहायची आणि मिलो या परदेशी ज्वारीची भाकरी खायची. स्टॉकहोमच्या भाषणातली गरिबी ती हीच.

१९८८ साली हवामान बदलाबद्दल शास्त्रज्ञांचं म्हणणं एकत्र मांडण्यासाठी आयपीसीसी ही समिती स्थापन झाली. १९९१ मध्ये पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीहून प्रश्न टाकला, की पोटासाठी भात पिकवणाऱ्याच्या खाचरातला वायू आणि चैनीच्या मोटारीचा धूर एकाच मापानं कसा मोजायचा? १९९२ साली रिओमध्ये हवामान करार झाला आणि त्यात एक तत्त्व लिहिलं गेलं : जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. त्याच रिओत कॅनडाच्या १२ वर्षांच्या सेव्हर्न सुझुकीनं मोठ्यांना खडे बोल सुनावले. मुलांना हे जरूर सांगावं. १९९५ मध्ये बर्लिनला या हवामान कराराची पहिली वार्षिक परिषद भरली.

१९९७ साली क्योटोत श्रीमंत देशांनी धूर कमी करण्याचे आकडे मान्य केले. अमेरिकेनं मात्र त्या कराराला अंतिम मंजुरी कधीच दिली नाही. त्याच वर्षी सुप्याजवळच्या माळरानाला मयूरेश्वर अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालं. तिथली चिंकारा हरणं मुलांनी पाहिलेली असतात. त्यांच्यामुळे १९९७ लक्षात राहतं. २००९ साली कोपनहेगनची बोलणी फिसकटली. तरी २०२०पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचा शब्द तिथे दिला गेला. तो पुरा व्हायला २०२२ उजाडलं. त्याच २००९ मध्ये बारामतीजवळ माळेगावला दुष्काळ, उष्णता आणि क्षारपड जमिनीचा पिकांवरचा ताण अभ्यासणारी राष्ट्रीय संस्था सुरू झाली.

२०१५ साली पॅरिसच्या परिषदेनं रीत बदलली. प्रत्येक देशानं आपला आकडा आपण ठरवायचा, सर्वांसमोर मांडायचा आणि दर पाच वर्षांनी वाढवायचा. तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली, जमल्यास १.५ अंशावर रोखायची. २०२२ मध्ये हवामान बदलानं झालेल्या हानीच्या भरपाईसाठी निधी ठरला. २०२३ मध्ये दुबईत कोळसा, तेल आणि वायूपासून दूर जाण्याचे शब्द प्रथमच ठरावात आले.

इथे एखादं पोर विचारेल, ‘ऐकलं नाही तर दंड कोण करतं?’ खरं उत्तर द्यावं : कोणी नाही. या परिषदेत पाण्याची पाळी सांभाळणाऱ्यासारखा पाटकरी नाही, मतदान नाही. सगळ्यांची सहमती झाली तरच ठराव, म्हणून सगळं इतकं हळू चालतं. बर्लिनच्या वेळी हवेतल्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ३६० भाग होते, आज ४२०च्या वर आहेत. हे लपवू नये. पॅरिसच्या वेळी शतकाअखेरची तापमानवाढ साडेतीन अंशांच्या घरात जाईल असा अंदाज होता. आताचा अंदाज तीन अंशांच्या आत आहे, हेही लपवू नये. दंड नसतानाही चारचौघांत दिलेल्या शब्दाची लाज काही काम करते, पण आपल्यासाठी तेवढं पुरेसं नाही.

शिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती आहे. शाळेच्या अंगणात साधा पर्जन्यमापक लावा आणि वहीत रोजचा आकडा मुलांच्या हातानं लिहून घ्या. वाटणी मागायला बसायचं, तर आपला हिशोब आपल्याकडे हवा. दहा वर्षांनी त्या वहीत सुप्याचा पाऊस असेल आणि ती लिहिणारी मुलं मतदार झालेली असतील. नोंद सकाळी साडेआठला घ्यावी. हवामान खात्याची पाऊस मोजायची वेळ तीच आहे.