वाघोबा ते नरभक्षक

‘मॅन-ईटर’ला मराठीत ‘नरभक्षक’ लिहिताना माझा हात बरीच वर्षं अडखळला नाही. शिकारकथांच्या अनुवादांनी तो शब्द आयताच हाती दिला होता.

जव्हार-अकोल्याकडे मात्र दगडावर किंवा लाकडी फळीवर चंद्र-सूर्यासोबत कोरलेला, शेंदूर माखलेला तो ‘वाघोबा’ असतो. विठोबा, खंडोबा, आजोबा यांच्या पंगतीतला. वाघ आणि बिबट्या, दोघंही त्यात आले. सुंदरबनात मध गोळा करणारे जंगलात शिरल्यावर ‘बाघ’ म्हणत नाहीत, ‘मामा’ म्हणतात. ही लाडाची नावं नव्हेत, मुळात भीतीच आहे. पण नातं लावलं की पथ्यं येतात. वाघबारशीचा नैवेद्य चुकवायचा नाही, गुरं अंधारापूर्वी गोठ्यात आणायची. त्यानंही आपली हद्द राखायची.

इंग्रजी अमलात हे नातं जमाखर्चाच्या वहीत गेलं. मारलेल्या जनावरामागे सरकारी बक्षीस मिळू लागलं. महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८० हजारांहून अधिक वाघ मारले गेले. बक्षिसं घेणाऱ्यांत आपलेच शिकारीही होते. सगळं साहेबाच्या माथी मारून चालणार नाही.

१९७२च्या कायद्यानं बंदूक खाली ठेवायला लावली, तेव्हा पिंजरा आला. जुन्नरच्या उसात बिबटे वाढले, लोकांनी पिंजरे मागितले, वनखात्यानं ते लावले आणि पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली याचा हिशेब मांडला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. स्थलांतरं सुरू झाल्यावर, २००१ ते २००३मध्ये, ते सतरावर गेले. ज्यांनी पिंजरा मागितला त्यांना दोष कसा देणार? पहाटे उसाला पाणी द्यायला त्यांनाच जावं लागतं.

त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात ‘मानवी जिवाला धोकादायक झालेला’ प्राणी आहे, नरभक्षक नाही. बातमीत मात्र अंगणात नुसता दिसलेला बिबट्याही दुसऱ्या दिवशी नरभक्षक होतो.

हल्लीच एका अनुवादात मी ‘माणसावर एकदा हल्ला केलेली मादी’ असं लिहिलं. जागा कमी आहे म्हणून संपादकांनी ते कापलं आणि जुना शब्द परत घातला.